गेमच्या खोक्यातली हाक

मुरुम गावात अजून मला ‘मुक्याची बहीण’ म्हणूनच ओळखतात. आठवडी बाजारात एखादी म्हातारी हाताला धरून थांबवते, तोंडाकडं निरखून बघते आणि विचारते, “तू गिरणीवाल्याची न्हाय का गं? त्या मुक्याची भईण?” मी व्हय म्हणते आणि पुढं निघते. पण आतून राग येतो तो येतोच. माझा दादा मुका नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच. बोलायचं म्हणाल तर तो दिवसभर बोलायचा. आई चुलीपुढं बसल्या बसल्या वैतागायची, “हात आवर रं बाबा जरा, तुज्याकडं बघता बघता माजी भाकर करपायली.” त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याच्याकडं बघावं लागायचं. लोकांना तेवढी फुरसत नव्हती, म्हणून त्यांनी त्याला मुकं ठरवून टाकलं.

येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावस्या, झाली आणि नंतरच्या रविवारी मी उमरग्याहून एकटीच आले आणि गिरणीचं कुलूप काढलं. दादा गेल्यापासून गिरणी बंद आहे. चालू गिरणीला भाजत आलेल्या भाकरीसारखा ऊनऊन वास असतो. बंद गिरणीला शिळ्या पिठाचा, रबराच्या पट्ट्याचा, घट्ट झालेल्या ग्रीसचा आणि उंदरांचा. नाकात पीठ गेलं, मला शिंक आली आणि मी सवयीनं मागं वळून बघितलं. मी शिंकले की दादा हसायचा. आवाज त्याला कळत नव्हता, पण शिंकणाऱ्या माणसाचं तोंड बघून त्याला हसू आवरायचं नाही. मागं कोणी नव्हतं.

फळीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेलं खोकं जसंच्या तसं होतं. व्हिडिओ गेमचं जुनं खोकं, खाली पांढरं, वर लाल. पांढरं म्हणायचं आपलं, आता ते पार पिवळं पडलंय. त्याच्यात गेम नाही. त्याच्यात अर्धा कॉम्प्युटर आहे. मी आणि दादानं मिळून तो जोडायला घेतला होता, तो तसाच राहिला. तो पुरा करायचा म्हणून मी आले होते, आणि मला घाई होती. आमच्या घरात हातांची एक बोली होती. ती जगात चौघांनाच यायची: आई, आबा, दादा आणि मी. आता मी एकटी उरले, आणि माझे हात विसरायला लागलेत.

ही बोली कुठल्या शाळेतली नव्हती. दादाला आधी शाळेत घातलं होतं, पण थोड्याच दिवसांत मास्तर म्हणाले, ह्याला घरीच ठेवा. मग आबांनी त्याला गिरणीत आणून बसवलं. त्याच्यासाठी गिरणीसारखी जागा नव्हती. पट्टा फिरायला लागला की तिथं कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळेच हातवारे करतात. आळंदकडच्या बाया कानडीत बोलायच्या, रेडिओवाल्या रशीदचाचांच्या घरचे दखनीत, आम्ही मराठीत. पण पट्ट्याच्या खडखडाटात सगळ्यांनाच हात वापरावे लागायचे. जवारी म्हणजे तळहातावर तळहात थापटायचा. बारीक दळायचं म्हणजे अंगठा बोटाच्या टोकावर घासायचा. दादाला वाटायचं, जगाची खरी भाषा ही, आणि बाहेर पडलं की लोकांना काहीतरी होतं. त्यानं एकदा पेठेतल्या कट्ट्यावर बसलेल्या माणसांकडं बोट करून मला विचारलं होतं, हे सगळे सारखं काय चावत असतात? मी हसत सुटले आणि तोही हसला.

गिरणीतल्या खुणांवर घरातल्या खुणा चढत गेल्या. आईची खूण पदर खोचण्याची. आबांची, तळहातावर तंबाखू मळण्याची. आबांनी तंबाखू सोडली तरी त्यांचं नाव तेच राहिलं. उद्या म्हणजे गालाखाली हात घेऊन डोळे मिटायचे आणि उघडायचे. परवा म्हणजे तेच दोनदा. लाईट गेली म्हणजे हवेत बोट गोल फिरवत आणायचं आणि मूठ मिटायची, पट्टा थांबला. लाईट आली की मूठ उघडायची. माणूस गेलं तरी हीच खूण, फक्त मूठ उघडायची नाही. आबा गेले तेव्हा दादानं मला दारातच ती खूण करून दाखवली, आणि मूठ तशीच धरून बसला. माणसं आली, आबांना उचललं, सगळं उरकून लोक आंघोळी करून आले तरी त्याची मूठ मिटलेलीच. शेवटी आईनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तळहात आपल्या लुगड्याला पुसला.

खोकं आणलं होतं आबांनीच. सोलापूरला गिरणीचा पट्टा आणायला गेले होते, येताना काखेत हे. आईनं कपाळाला हात लावला. “शेवयाचं मशीन आना म्हनलं हुतं म्या, आनि हे काय सोंग?” आबा पायातल्या वहाणा काढता काढता म्हणाले, “पोरगं दिसभर पिठात असतंय. संध्याकाळी जरा खेळंल की.” आमच्याकडं त्याला सगळे टीव्ही गेमच म्हणायचे. दोन रिमोट, त्यांच्या वायरी खोक्यालाच जोडलेल्या. वर एक खाच, तिच्यात पिवळी कॅसेट बसवायची. नव्या प्लॅस्टिकचा वास त्या खाचेत कितीतरी महिने होता. मी गुपचूप नाक लावून घ्यायचे. कॅसेट लागली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकायचं आणि परत बसवायची. दादा फुंकायचा तेव्हा त्याच्या मिशीवरचं पीठ उडायचं. शटरचा टीव्ही तापला की त्याच्या पाठीमागून भाजल्या धुळीचा वास यायचा, आणि आई म्हणायची, बास झालं आता, त्याला बी ताप आला.

गल्लीतल्या पोरांना दादा हार जायचा नाही. ती पोरं बोंबलत, उड्या मारत खेळायची. दादाची पापणी हलायची नाही. पण एक अडचण होती. त्या गेममध्ये मागून कोणी आलं की आधी सूर बदलायचा, आणि वेळ संपत आली की बाजा घाईला यायचा. हे त्याला कसं कळणार? म्हणून मी त्याच्या मागं मांडी घालून बसायचे आणि ऐकलेलं सगळं त्याच्या पाठीवर बोटांनी वाजवायचे. आधी संथ, मग दुडकं, मग भराभर. त्याचा सदरा घामानं आणि पिठानं ओलसर झालेला असायचा, माझी बोटं चिकट व्हायची. हरलेली पोरं कुरकुरायची, “चीटिंग हाय ही. ती सांगायली त्याला.” मी म्हणायचे, “देवानं दोन दोन कान दिलेत तुमाला, वापरा की मग.” एकदा दादानं खेळ मधेच सोडून टीव्हीच्या लाकडावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मला विचारलं, ह्याच्या आत पण पट्टा आहे का? मी म्हटलं, आहे, बारका आहे. दुसरं काय सांगणार होते मी?

त्या संध्याकाळी आता मला दिसतात त्या तुकड्या तुकड्यांनी. दारात वाळत घातलेली चाळणी. आईच्या तव्यावरच्या धपाट्यांचा खमंग वास. आबा बाजेवर पडून न कळणारा गेम मन लावून बघतायत, आणि दादा जिंकला की उगाच म्हणतायत, “आपलं पोरगं हाय बाबा.” दादा मागं वळून मला विचारतोय, आबा काय चावले? मी त्याला सांगतेय. तो आबांकडं बघून कॉलर ताठ करतोय. असलं काही परत मिळत नाही, हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

खोकं मेलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा असते. आमच्यात म्हणजे गिरणीची. दगड, दगड खरखरीत करायची टाकी, हातोडी, तराजू, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं. दादानं त्या वर्षी त्या ओळीत आपलं खोकंही आणून ठेवलं, रिमोटसकट. आई म्हणाली, “खेळन्याची कसली रं पूजा?” दादानं आधी टाकीला हात लावला, मग खोक्याला, मग स्वतःच्या छातीला. माझं हत्यार हे पण आहे. आईला ते पटलं, आणि पटलं की आई हात राखून काही करायची नाही. तिनं कुंकू पाण्यात कालवून बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला आणि देवाला सोडतात तसं वरून पळीभर पाणी सोडलं. ते सगळं कॅसेटच्या खाचेतून आत गेलं. संध्याकाळी दादानं बटन दाबलं तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

पेठेत रशीदचाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते सांच्याला पिशवी घेऊन घरी आले, ओसरीवर बसून त्यांनी खोकं खोललं आणि हसू दाबत म्हणाले, “क्या बोलूं भाभी, इसके अंदर तो पूरी पूजा हुई दिखती.” बोर्डावर कुंकवाचा चिखल झाला होता, त्यात तांदळाचे दाणे. बोर्ड गेला म्हणाले. आई दाराआड उभी होती, तिचा चेहरा एवढासा झाला. दादाला ते दिसलं. त्यानं उठून आईला हातांनी सांगितलं, देवाला खेळायचं होतं, तू त्याला दिलंस, बरं केलंस. आई हसली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. रशीदचाचांनी मला विचारलं, “क्या बोला वो?” मी सांगितल्यावर त्यांनी बोर्ड रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. बोर्ड ते घेऊन गेले. रिकामं खोकं दादानं टाकू दिलं नाही. पुढं दर खंडेनवमीला ते पूजेत असायचं, आणि आई त्याच्यापुढं पळीसुद्धा आणायची नाही.

मग माझं लग्न झालं आणि मी उमरग्याला गेले. उमरगा काही परदेशात नाही, एसटीत बसलं की डुलकी पुरी व्हायच्या आत येतं. पण दादाला ते सातासमुद्रापलीकडं झालं. इतर बहिणींना भाऊ फोन करतात. आम्ही काय करणार? दळण घेऊन आलेल्या कोणाच्या तरी तोंडी निरोप यायचा, “भाऊ बरा हाय तुजा, ये म्हनलाय.” तो ‘ये’ म्हणाला होता की ‘येतो’ म्हणाला होता, हे मला तिथं गेल्यावर कळायचं. नंतर व्हिडिओचे मोबाईल आले आणि मला वाटलं, सुटलो आता. पण मोबाईल एका हातात धरला की दादाला बोलायला एकच हात उरायचा. बोलणाऱ्या माणसाचं निम्मं तोंड कोणी दाबून धरावं तसं व्हायचं ते. जवारीला दोन हात लागतात, आईला दोन हात लागतात. तो मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचा, तो घसरायचा, आणि मला तासभर छताचा पंखा दिसत राहायचा. पिठाळ बोटांना ती काचही दाद द्यायची नाही. एकदा रागाच्या भरात त्यानं मोबाईल पिठाच्या डब्यात खुपसून वरून झाकण लावलं होतं. मला इकडं नुसता अंधार दिसत होता.

मी तोवर उमरग्यात कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. मशीन खोलायचं, जोडायचं मला येत होतं. पण खोक्याची कल्पना त्याची. एका भाऊबीजेला मी ओवाळून उठते न उठते तोच त्यानं ते रिकामं खोकं माझ्यापुढं आणून ठेवलं, माझ्याकडं बोट केलं आणि मग खोक्याच्या आत. तू ह्याच्यात बस. मी म्हटलं, खुळा झालास का? त्यानं जुना रिमोट उचलला, लाल बटन दाबलं आणि टीव्हीवर हातानं माझ्या तोंडाचा गोल काढला. मग रिमोट बाजूला ठेवून दोन्ही हात माझ्यापुढं पसरले. मोकळे. तेव्हा मला उमगलं. लाल बटन दाबायचं की टीव्हीवर मी, आणि दोन्ही हात बोलायला रिकामे. वाचायला काही नको, काचेवर काही नको. मला तिथंच रडू आलं. आई विचारायला लागली, ओवाळणी कमी घातली का काय त्यानं.

मग रविवारी रविवारी दुपारची दळणं सरली की गिरणीतच आमचं काम चालायचं. तळहाताएवढा मदरबोर्ड आणला, तो खोक्यात बसेना. आतल्या जुन्या खुंट्या आडव्या यायच्या. दादानं त्या कानशीनं घासून सपाट केल्या. कानशीच्या त्या आवाजानं माझ्या दातांना कळा यायच्या, मी कान दाबून धरायचे, आणि तो थांबून काळजीनं विचारायचा, कान दुखतायत का? कॅसेटच्या खाचेत आम्ही कॅमेरा बसवला, म्हणजे पूर्वी जिथून आत बघायचो तिथून आता ते खोकं आमच्याकडं बघणार होतं. एका बाजूला कानस जरा जास्तच लागली, म्हणून कॅमेरा तिरका बसला. तो तिरकाच राहू दे म्हणाला, तू पण मान तिरकी करूनच बोलतेस. मशीन तापतं म्हटल्यावर त्यानं गिरणीच्या बेअरिंगला लावायचा तसा उलटा हात बोर्डाला लावून बघितला, दाभण चुलीत लाल केलं आणि खोक्याच्या बुडाला चाळणीसारखी भोकं पाडली. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर. आई नाकाला पदर लावून दारात, “काय जाळायलाव रं दोगं?” रिमोटच्या वायरी बोर्डाला जोडायच्या होत्या, त्यांना डाख द्यायला रशीदचाचा आले. त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते, दादानं त्यांचं मनगट खालून धरलं आणि त्यांनी डाख दिला.

एक बारका पंखा तेवढा यायचा राहिला होता. मी मागवला होता. तो यायच्या आत दादा गेला. कसा गेला ते मी सांगत नाही, मला सांगवत नाही. पंखा नंतर आला. ते पाकीट मी फोडलं नाही, कपाटात साड्यांच्या खाली सरकवून दिलं.

त्यानंतर आईला मी उमरग्याला आणलं. दादा नव्हता, तरी आम्ही दोघी हातांनीच बोलायचो. दोघींना कान होते, तोंड होतं, पण घरातलं बोलणं हातांतच होतं. मीठ दे, दार लाव, झोप आता. तोंडानं बोललं की कोणीतरी परकं आल्यासारखं वाटायचं. मग आईही गेली. तेव्हा घरात मूठ दाखवायला मला कोणी नव्हतं.

आणि ही येळवस. दिवस उजाडताच आम्ही शेतात गेलो, माझ्या सासरच्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, तिच्यात लक्ष्म्या मांडलेल्या, भज्जीचा आणि उंड्यांचा वास, गाडग्यातली आंबट थंडगार आंबील. जेवणं झाल्यावर आमचे हे सहज म्हणाले, “दादा येळवसची खूण काय करायचे गं हातानं? मला लई आवडायचं ते बघायला.” मी हात वर केले. ओंजळीची वाटी केली, म्हणजे आंबिलीचं गाडगं. आणि पुढं काहीच आलं नाही. ओंजळ तशीच हवेत. हात डावीकडं जायचे का वर? शिंपडायचं होतं का? पिकाची खूण होती का? उरलेला सगळा दिवस मी पिकात फिरत हात हलवत होते, जावा माझ्याकडं बघत होत्या. शब्द विसरला तर शेजारणीला विचारता येतं, एखाद्या म्हातारीला विचारता येतं. मी कोणाला विचारू? माझ्याशिवाय ते कोणाला ठाऊकच नाही. मला इतका संताप आला की मी बांधावर बसून मोठ्यानं रडले. हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “बाकीच्या खुणा तरी रेकॉर्ड करून ठेव. मोबाईल देऊ का?”

“मोबाईलवर न्हाय,” मी म्हटलं. घरी आल्यावर मी कपाट उघडून साड्यांखालचं पाकीट काढलं.

तर तो पंखा घेऊन मी गिरणीत आले होते. गिरणीमागं आमचं घर, तिथं दादाचा टीव्ही अजून भिंतीला आहे. खोकं तिथं नेऊन दुपारभर मी जोडत बसले. खोक्यात पिठाची साय धरली होती, ती ब्रशनं काढली. सगळी नाही काढली. पंखा दादानं ठेवलेल्या जागेत बरोबर बसला. स्क्रू आवळले, वायर लावली, बटन दाबलं. पंखा फिरला, खोकं जरासं थरथरलं, टीव्हीवर उजेड आला. चालू झालं ते, पहिल्या झटक्यात. मी रिमोट हातात घेतला आणि आम्ही ठरवलं होतं तसं लाल बटन दाबलं. पर्समधला माझा मोबाईल वाजायला लागला. खोक्याला आम्ही दादाचंच नाव दिलं होतं: मुरुमहून दादाचा फोन. मी तो पुरा वाजू दिला. मग लाल बटनाचं काम बदलून टाकलं. आता ते दाबलं की कॉल लागणार नव्हता, चित्र साठणार होतं.

तेवढ्यात हे मला न्यायला मोटारसायकलवर आले. दारात चप्पल काढून उंबऱ्यावरच बसले, आत आले नाहीत. मी त्या तिरक्या कॅमेऱ्यासमोर बसले आणि एकेक खूण करत गेले. आई. आबा. जवारी. बारीक. उद्या. परवा. लाईट गेली, लाईट आली. माणूस गेलं. भूक. राग. खोटं बोलू नको. एसटी चुकली. रशीदचाचा, त्यांची खूण कानाशी स्क्रू पिळायची. येळवस आली तेव्हा मी ओंजळ केली आणि तेवढीच ठेवली. कुठं कुठं हात अडखळले, कुठं आपोआप गेले. बाहेर ऊन कललं होतं, कोणाच्या तरी शेरड्या ओरडत होत्या. मी थांबल्यावर हे उंबऱ्यावरून म्हणाले, “आणि तुझं नाव?”

माझं नाव म्हणजे, लहानपणी माझं नाक बाराही महिने वाहायचं, त्यावरून दादानं ठेवलेलं. मनगटाच्या मागल्या बाजूनं नाक पुसायचं, एकदाच, झटक्यानं. शेंबडी. माझ्या लग्नात, मांडवात, सगळ्या पाहुण्यांदेखत त्यानं मला त्याच नावानं हाक मारली होती. माझ्या क्लासच्या पोरींसमोर मारली होती. बाजारात पेठेच्या ह्या टोकाहून त्या टोकाला मारायचा, आणि मी डोळे वटारले की आणखी मोठ्यानं, म्हणजे आख्खा हात फिरवून. आई, आबाही मला त्याच नावानं बोलवायचे. मी ओ द्यायचे ते पालथा हात छातीवर आपटून पुढं करून. आले. पण ती नावाची खूण मी स्वतः कधी केलीच नव्हती. आपलंच नाव घेऊन आपल्यालाच कोण हाक मारतं? हात उचलला तर कुठल्या बाजूनं पुसायचं तेच कळेना. मी त्याला नेहमी समोरून बघितलेलं. शेवटी कसंबसं केलं, लाल बटन दाबलं आणि बंद केलं.

मग नीट आलंय का ते बघायला मी सगळं टीव्हीवर लावलं. आमची तोंडं एका साच्यातली आहेत असं लोक म्हणायचे, मला ते कधी पटलं नव्हतं. त्या मोठ्या पडद्यावर, तिरक्या मानेची, तीच हनुवटी, तीच रुंद बोटं. आई झाली, आबा झाले, लाईट गेली आणि आली. मी चुका शोधत होते. आणि तो हात नाकावरून झटक्यानं गेला. माझा हात उठला, छातीवर आपटला आणि पुढं झाला. आले, दादा.

ह्यांनी दारातून ते बघितलं आणि मान खाली घातली. चित्र संपलं होतं, टीव्ही नुसता निळा होता. मी रिमोट उचलला आणि तेच परत लावलं.